अंगाच्या रंगाची पट्टी

गटातल्या शिलाईवाल्या ताईंबरोबर मागं तालुक्याला अस्तर आणायला गेले होते. दुकानदारानं विचारलं, "स्किन कलर दाखवू का?" आणि फिकट गुलाबी कापड पुढं टाकलं. आम्ही दोघी आपापल्या हातांकडं बघून हसलो. आमच्या अख्ख्या गटात त्या रंगाची एकही बाई नाही! आजची गोष्ट याच रंगाची आहे. पण ती घडली लांब अमेरिकेत, मुलामुलींच्या नाचाच्या स्पर्धेत.

नाच कोणता, तर बॅले. युरोपातल्या राजदरबारांत वाढलेला. यात मुली पायाच्या बोटांच्या टोकावर उभ्या राहून नाचतात. त्यासाठी सॅटिनचे खास बूट असतात, त्यांचं पुढचं टोक कापडाचे थर चिकटवून कडक केलेलं असतं. जुन्या पद्धतीत चिकटवायला पिठाचीच खळ. नवीन जोडी आली की मुलगी रिबिनी स्वतःच्या हातानं शिवते, टोक दाबून-वाकवून पायाजोगं करते. एवढं करून ती जोडी थोड्याच दिवसांत मऊ पडते. म्हणजे स्पर्धेची तयारी नुसती पायांची नाही, सुईदोऱ्याचीही.

मिकेला डिप्रिन्स १९९५ साली आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशात जन्मली. तिथं यादवी युद्ध चालू होतं. वडील मारले गेले, मग आई गेली, काकानं अनाथाश्रमात सोडलं. अंगावर कोडाचे डाग, म्हणून तिथं तिला सैतानाचं लेकरू म्हणत. एकदा वाऱ्यानं उडत आलेलं मासिक फाटकापाशी तिच्या हाती लागलं. मुखपृष्ठावर बॅले नाचणारी बाई होती. ते चित्र तिनं जपून ठेवलं. १९९९ मध्ये डिप्रिन्स कुटुंबानं तिला दत्तक घेऊन अमेरिकेत नेलं आणि नाचाच्या वर्गात घातलं. आठ वर्षांची असताना एका नाटकातली मुख्य भूमिका हातची गेली. काळ्या मुलीला त्या जागी बघायला अमेरिका अजून तयार नाही, असं तिला तोंडावर सांगितलं गेलं.

'यूथ अमेरिका ग्रां प्री' ही स्पर्धा १९९९ साली सुरू झाली. रशियातून आलेल्या एका नर्तक जोडप्यानं ती काढली. वय ९ ते १९. आधी ठिकठिकाणी फेऱ्या, मग अंतिम फेरी. स्टेजवर मिळतात मोजकी मिनिटं, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने सराव. मोठ्या शाळांची शिष्यवृत्ती तिथंच मिळते, म्हणून सगळा जीव त्यात.

२०१० मध्ये मिकेला या स्पर्धेत उतरली. त्यावरच्या 'फर्स्ट पोझिशन' या माहितीपटात आई एलेन दिसते, पोशाखाचे बंद रंगवताना. ते बंद 'अंगाच्या रंगाचे' म्हणून आलेले, म्हणजे गोऱ्या अंगाचे. लेकीच्या सावळ्या खांद्यावर ते उठून दिसले असते. म्हणून आई तपकिरी रंग घेऊन बसते. बाकीच्या आयांना हे काम नव्हतं.

अंतिम फेरीआधी मिकेलाच्या टाचेची शीर दुखावली. तरी ती नाचली. मी तिची आई असते तर नाचू दिलं असतं का, सांगता येत नाही. पण तिला न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरच्या शाळेची शिष्यवृत्ती मिळाली.

रंगाची ही लढाई एलेनच्याही आधीची. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात आर्थर मिचेल या काळ्या नर्तकानं १९६९ मध्ये 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' ही संस्था काढली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला तेव्हा एकच वर्ष झालं होतं. १९७४ पासून तिथल्या नर्तकी गुलाबी मोजे-बूट सोडून आपापल्या कातडीच्या रंगाचे घालू लागल्या. पण दुकानात तसे बूट कुठले? रंगवायचे नाहीतर चेहऱ्याला लावायचं फाउंडेशन थापायचं. २०१२ मध्ये मिकेला याच संस्थेत लागली आणि पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या राष्ट्रीय बॅलेत गेली.

१९२९ पासून बूट करणाऱ्या लंडनच्या 'फ्रीड' कंपनीनं तपकिरी छटांचे बूट बाजारात आणले ते २०१८ साली. तोवर मिकेलाची स्पर्धेची वर्षं मागं पडली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये, २९ व्या वर्षी ती गेली. एका दिवसाच्या आत एलेनही गेली.