सुरतेची वाट आणि डोक्यावरचा टोप

'जिरेटोप' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर मोत्यांचा तुरा लावलेले, नाटका-चित्रपटांतून पाहिलेले एक डौलदार शिरोभूषण उभे राहते. शब्दाची फोड मात्र वेगळेच सांगते. फारसीत 'जिरह' म्हणजे लोखंडी कड्यांचे चिलखत. तेव्हा जिरेटोप म्हणजे मुळात चिलखती टोप, डोके फुटू नये म्हणून घालायचा. जुन्या मराठीतला 'जिरेबखतर' हा जोडशब्दही याच कुळातला. काळाच्या ओघात टोपातले लोखंड गळाले आणि तुरा तेवढा राहिला. इतिहासाच्या तासाला हे सांगितले की मागच्या बाकावरून हमखास एखादा म्हणतो, "म्हणजे सर, हेल्मेटच की!" त्याचे चूक नाही.

शिवाजी महाराजांच्या शौर्याच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, पण त्यांच्या सावधपणाच्या सांगत नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी लढाई ठरलेली नव्हती, ठरली होती ती भेट. गळाभेट व्हायची, चार गोड शब्द बोलायचे आणि परत फिरायचे, असाच तो बाहेरून दिसणारा बेत. तरीही राजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता. खानाची कट्यार अंगातल्या कुडतीवर खरखरली आणि शरीराला लागली नाही, असे सभासद आपल्या बखरीत लिहितो. चिलखत रणांगणावर कोणीही घालील. भेटीच्या दिवशी ते घालायचे सुचणे, ही खरी थोरवी, असे मला नेहमी वाटत आले आहे.

दुसरा प्रसंग आपल्या भागाच्या जवळचा आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. (आमच्या दुभाषी मुलुखात हा विषय जरा जपून काढावा लागतो. गुजराती शेजाऱ्याच्या घरी सुरतेची आठवण वेगळ्या सुरात सांगितली जाते, आणि त्याचेही बरोबर असते.) लूट घेऊन परतताना ते बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूने नाशिककडे निघाले आणि वणी-दिंडोरीजवळ दाऊदखानाच्या मोगली फौजेने त्यांना गाठले. १७ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. त्या वेळी राजे स्वतः बखतर घालून, हाती पट्टे चढवून घोड्यावर बसले, असे सभासद सांगतो. सुरत मारून झाली होती, विजय मिळाला होता, घराची वाट धरली होती. पण परतीच्या वाटेवरही अंगावर बखतर होतेच.

सुरतेहून घराकडे येणारी ती वाट आजही वाहते आहे. फरक इतकाच, की लूट घेऊन येणाऱ्या घोडेस्वारांऐवजी पगार घेऊन येणारे मोटारसायकलस्वार तिच्यावर दिसतात. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत खानदेशातली हजारो कुटुंबे यंत्रमागाच्या आणि कापडाच्या धंद्यात पोट भरत आहेत. माझ्या हाताखालून गेलेली कितीतरी मुले तिकडे आहेत. दिवाळीला, होळीला आणि आखाजीला ही मंडळी बारडोली, व्यारा, सोनगड करीत नवापूरला येतात, पुढे विसरवाडीहून कोंडाईबारीचा घाट चढून साक्री-धुळ्याकडे जातात. रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दुचाकी. पुढे टाकीवर एक लेकरू, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरे, आणि हँडलला मिठाईची पिशवी. सुरत ते नवापूर अंतर शंभर किलोमीटरच्या वर आहे. रात्रपाळी संपवून निघालेला माणूस हे अंतर झोपाळलेल्या डोळ्यांनी काटतो. वर्गात ज्यांची हजेरी घेतली, त्यांतली काही नावे मी पुढे याच रस्त्याच्या बातम्यांत वाचली आहेत. एकाचा हात-पाय खरचटलासुद्धा नव्हता. डोके मात्र दुभाजकावर आपटले होते.

डोके वाचवण्याचे हे शास्त्र जगालाही फार सुखासुखी उमगलेले नाही. इंग्लंडमध्ये डॉ. एरिक गार्डनर या शर्यतीच्या मैदानावरील डॉक्टराने कॅनव्हास आणि लाखेचा टोप करवून घेतला आणि १९१४ च्या मोटारसायकल शर्यतीत तो सक्तीचा झाला. शर्यतीबाहेर मात्र कोणी विचारले नाही. पुढे १३ मे १९३५ रोजी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. सहा दिवसांनी तो वारला, वय ४६. वाळवंटातल्या युद्धातून जिवंत परतलेला हा माणूस घराजवळच्या ओळखीच्या रस्त्यावर गेला. त्याला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. महायुद्धाच्या काळात त्यांनी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली निबंध प्रसिद्ध केला. टोप घातलेले अवघे सात जखमी त्यांना सापडले, पण ते सातही जगले होते. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना टोप सक्तीचा केला. सामान्य नागरिकांसाठी हाच नियम व्हायला मात्र १९७३ उजाडावे लागले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने तो त्याआधी, १९६१ मध्येच केला होता.

आता हा टोप करतो काय? बाहेरचे कठीण कवच मार पसरवते. खरे काम आतल्या थर्मोकोलसारख्या जाड अस्तराचे. ते स्वतः चेपते आणि आघाताचा क्षण किंचित लांबवते, एवढ्यावर मेंदू वाचतो. म्हणूनच एकदा आपटलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकून द्यावे, आणि पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे नुसती टोपी समजावी. "गाडी हळूच चालवतो, इथेच तर जायचंय," असे म्हणणाऱ्यांसाठी नववीच्या विज्ञानातले एक उदाहरण देतो. दीड मीटर उंचीवरून नुसते खाली पडलेले डोके जमिनीला लागते, तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी!

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९७७ साली हेल्मेटचे कलम आले. सक्ती म्हणजे संचारस्वातंत्र्यावर घाला, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९८८ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. पगडी बांधणाऱ्या शिखांना कायद्याने सूट दिली आहे. बाकीच्यांनी सूट स्वतःच घेतली. गुजरातचा अनुभव तर मोठा बोलका आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये दंड वाढले, लोक कुरकुरले आणि ४ डिसेंबर २०१९ ला सरकारने महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक असल्याचे जाहीर केले. लोकांची गैरसोय होते, हे कारण! प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि दोनच महिन्यांत सरकारला ती भूमिका सोडावी लागली. पुढे १५ फेब्रुवारी २०२५ पासून सुरत पोलिसांनी शहरात हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू केली. शहरात वेग कमी असतो म्हणून टोप नको, या युक्तिवादाला वरचे दीड मीटरचे गणित पुरेसे आहे. आणि आमच्या महाराष्ट्राने हसू नये. पुण्यात तर हेल्मेटविरोधाची एक परंपराच आहे.

गंमत अशी, की सुरतकर स्वतःला जपत नाही असे मुळीच नाही. सुरतेचा मांजा प्रसिद्ध आहे. उत्तरायणाच्या दिवसांत मांजाने गळे कापले जातात, म्हणून लोक गाडीच्या हँडलवर तारेची कमान बसवतात, गळ्याला मफलर गुंडाळतात. पोलीसही त्या दोन दिवसांत उड्डाणपुलांवरून दुचाकी जाऊ देत नाहीत. यावर कोणी स्वातंत्र्याची तक्रार केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. उन्हासाठी मुली ओढणीने डोळ्यांपुरते सोडून सारे तोंड झाकतात, तेही रोज. कापलेला गळा आणि रापलेली कातडी दिसते. कवटीच्या आत होणारा रक्तस्राव दिसत नाही. पडलेला माणूस उठतो, चहा पितो, "काही नाही झालं" म्हणतो आणि रात्री बेशुद्ध होतो.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार अपघातांत मेले. त्यांत ३५,६९२ गाडी चालवणारे होते आणि १४,३३७ मागे बसलेले. हा दुसरा आकडा मला अधिक छळतो. पोलीस चालकाला अडवतो म्हणून घरात एक हेल्मेट येते, ते नवऱ्याच्या डोक्यावर बसते. मागची बाई पदर डोक्यावरून घेऊन बसलेली असते. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो. हा हिशेब मागच्या सीटलाही लागू आहे.

येत्या दिवाळीला सुरतेहून निघणाऱ्यांनी हेल्मेटे दोन घ्यावीत, आणि ती रस्त्याच्या कडेला ढीग लावून विकतात त्यांतली नव्हे. जून २०२१ पासून आय. एस. आय. शिक्क्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकणे बेकायदा आहे, शिक्क्याखाली आय. एस. ४१५१ हा क्रमांक पाहून घ्यावा. टाकीवर बसवलेल्या लेकराचाही कायद्याने विचार केला आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. लहान मापाचे हेल्मेट आमच्या गावच्या दुकानात मिळत नाही. ते सुरतेतूनच आणावे लागते.