तोफ, तुपक आणि खेळ

धाराशिव जिल्ह्यातील परंड्याचा किल्ला त्याच्या तोफांसाठी ख्यात आहे. विजापूरच्या बुरुजावर आज दिसणारी मुलूख-मैदान ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे महंमद बिन हसन रूमी ह्याने ओतली. पुढे ती परंड्यास होती आणि १६३२ मध्ये तेथून विजापुरास नेण्यात आली. तिची लांबी चौदा फुटांहून अधिक असून वजन सुमारे ५५ टन मानले जाते. अशा यंत्राचा खेळण्याशी काही संबंध असेल, असे तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्यास वाटणार नाही. तिच्या नावाची साक्ष मात्र निराळी आहे. तुर्की भाषेत ह्या शब्दाचा मूळ अर्थ गोल वस्तू, चेंडू असा होय; आजही तेथे चेंडूस आणि तोफेस एकच शब्द चालतो. जे फेकावयाचे त्याचे नाव फेकणाऱ्या साधनास मिळाले, आणि दख्खनेत तो शब्द पोहोचला तेव्हा त्यातील चेंडू गळून केवळ साधन उरले होते.

'तुपक' ह्या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. मराठीत त्याचा अर्थ हातात धरावयाची बंदूक. परंतु फारसी कोशांत 'तुफक' म्हणजे फुंकरीच्या जोराने मातीच्या गोळ्या उडविण्याची नळी, असा अर्थ नोंदलेला आहे. बंदूक हा अर्थ नंतरचा. अकराव्या शतकात महमूद काश्गरी ह्याने रचलेल्या तुर्की कोशातही झाडाच्या सालीच्या पोकळ नळीने चिमण्या टिपण्याच्या अशाच एका साधनाचा शब्द आढळतो. म्हणजे दारूच्या शोधाने जी वस्तू प्राणघातक झाली, तिचे नाव पाखरांमागे हिंडणाऱ्यांच्या नळीवरून आले.

खेळणे म्हणजे शस्त्राची लहान व दुबळी नक्कल, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. लाकडी तलवारीपुरते ते खरेही आहे. पण गोळी उडविणाऱ्या साधनांविषयी शब्दांचा पुरावा उलट दिशेने जातो; तेथे चेंडू आणि फुंकर आधीची, तोफ आणि बंदूक नंतरची.

बस्तरमध्ये हे चक्र पूर्ण फिरलेले दिसते. जगदलपूर येथे रथयात्रेच्या वेळी गोंचा नावाचा उत्सव होतो. त्यात बांबूच्या पोकळ नळीतून मालकांगणीची फळे एकमेकांवर उडवितात. नळीस 'तुपकी' म्हणतात. हा खेळ मुलांपुरता नाही, प्रौढ माणसे त्यात हौसेने भाग घेतात. त्या भागातील हलबी बोली ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत मराठीच्या खंडात घेतली होती, त्यामुळे मराठीच्या अभ्यासकाने ह्या शब्दाकडे परका म्हणून पाहण्याचे कारण नाही. नळीत एक फळ पुढे व एक मागे बसवितात. दट्ट्याने मागचे ढकलले की मधली हवा दाबली जाते आणि पुढचे फळ आवाज करून सुटते. दारूगोळ्याच्या काळातून गेलेला शब्द पुन्हा हवेवर चालणाऱ्या नळीस येऊन चिकटला.

अमेरिकेत विसाव्या शतकात नेमका हाच क्रम थोड्याच वर्षांत घडला. १९६९ मध्ये पार्कर ब्रदर्स ह्या कंपनीने घरातही खेळता येईल असा फोमचा चेंडू 'नर्फ' नावाने विक्रीस आणला. १९८९ मध्ये फोमचे गोळे उडविणारे खेळणे आले. १९९० नंतर लवकरच गोळ्याच्या जागी फोमचा डार्ट आला. चेंडूपासून बंदुकीच्या आकाराकडे, हा 'तोफ' शब्दाचाच मार्ग. यंत्रणा मात्र तुपकीची: स्प्रिंगने दट्ट्या सुटतो, हवा दाबली जाते, डार्ट पुढे जातो. पुढे चाकांच्या जोडीत डार्ट चिमटून फेकणारी विजेची यंत्रेही आली.

ह्या खेळण्याभोवती प्रौढांचा छंद वाढला. २००५ मध्ये मेरिलँडमधील गाउचर कॉलेजात विद्यार्थ्यांनी आवारभर खेळावयाचा एक पाठलागाचा खेळ सुरू केला, आणि फोमचे डार्ट त्याचे आयुध ठरले. छंदिष्टांचे खरे लक्ष मात्र उघडझाप करता येणाऱ्या खोक्याकडे असते. ते खेळणे सोडवितात, हवेची वाट अडविणारा भाग काढतात, कडक स्प्रिंग बसवितात, नळी बदलतात, हवा निसटणारी फट बुजवितात आणि वेग मोजून पाहतात. हे सारे करताना लागणारा मार इजा करणारा होऊ नये म्हणून वेगाची मर्यादा ठरवून घेतात व डोळ्यांवर चष्मे चढवितात. शस्त्र बनविणाऱ्यापुढे अशी अट नसते. डार्ट मऊच राहिला पाहिजे, ह्या बंधनामुळेच कारागिरीला वाव मिळतो.

परंड्याच्या शिवारात ह्या कुळातील जे साधन खरोखर रुजलेले होते, ते गोफण. ज्वारी हुरड्यात आली की राखणदार माळ्यावर चढे, गोफणीच्या पदरात ढेकूळ किंवा खडा घाली, डोक्याभोवती फिरवून एक दोरी सोडी. पाखराला लागणे गौण होते. सुटलेल्या दोरीच्या टोकाचा फटका वाजला तरी थवा उठे. विणीची घट्टी, पदराची रुंदी, दोऱ्यांची लांबी ही ज्याने त्याने आपल्या हातास जमवून घ्यावयाची असे. छंदिष्ट खोके उघडतो त्यामागचा हव्यास ह्याहून वेगळा नाही. फरक इतकाच की राखणदाराच्या नेमामागे पीक होते.

जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा वाढला, आणि सोयाबीनच्या शेंगांची पाखरांपासून ज्वारीच्या कणसासारखी राखण करावी लागत नाही. गोफणीचे काम त्या प्रमाणात संपले. तिला आता टिकावयाचे तर निव्वळ हौसेवर टिकावे लागेल, आणि तेथे अडचण दगडाची आहे. डार्टने सोडविलेला प्रश्न गोफणीच्या बाबतीत कोणी अद्याप गांभीर्याने घेतलेला नाही. तिच्या भागांची गावोगावची नावे माळ्यावर बसलेल्या पिढीच्याच तोंडी आहेत आणि ती पिढी आता वयस्क आहे. शब्द स्वतः मात्र दुसरीकडे सुरक्षित आहे. सुश्रुतसंहितेत सांगितलेल्या चौदा बंधांपैकी एकाचे नाव 'गोफणा' असून तो हनुवटी, नाक, ओठ अशा भागांसाठी सांगितला आहे. मधला रुंद पदर आणि दोन्हीकडे दोऱ्या, एवढ्या साम्यावरून वैद्याने ते नाव घेतले, आणि आयुर्वेदाचे विद्यार्थी तो बंध आजही शिकतात.