एक जर्सी, तीन अर्थ : वस्तू ‘साधन’ म्हणून कशी वाचायची?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : साधनं कुठून आणायची? मग नजर जाते ती दप्तरखान्याकडे, जुन्या वर्तमानपत्रांकडे, पत्रव्यवहाराकडे. ते बरोबरच आहे. पण कपडे, भांडी, तिकिटं, बिल्ले हीसुद्धा साधनं असतात. अडचण एवढीच, की वस्तू स्वतःहून काही सांगत नाही आणि घाईने वाचली तर फसवते. आज एकच उदाहरण घेऊ : मिलान शहरातल्या ‘इंटर’ या फुटबॉल क्लबची पांढरी जर्सी, जिच्या छातीवर मोठा लाल क्रूस आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ९ मार्च १९०८ ला मिलान क्लबमधले काही सभासद बाहेर पडले. परदेशी खेळाडूंना घ्यावं की नाही, हा वादाचा मुद्दा होता. घ्यावं असं म्हणणाऱ्यांनी नवा क्लब काढला आणि नावच ठेवलं ‘इंटरनात्सिओनाले’, म्हणजे आंतरराष्ट्रीय. चित्रकार जॉर्जो मुज्जानी यांनी बोधचिन्ह काढलं आणि रंग ठरले काळा नि निळा. या क्लबला आजही ‘नेराझुर्री’, म्हणजे काळे-निळे, असंच म्हणतात.

मग पांढऱ्यावर लाल क्रूस आला कुठून? १९२८ साली, मुसोलिनीच्या राजवटीत, इंटरला ‘उनिओने स्पोर्तिव्हा मिलानेझे’ या दुसऱ्या क्लबमध्ये विलीन व्हावं लागलं. नवं नाव ‘आम्ब्रोसियाना’, मिलानचे संरक्षक संत आम्ब्रोज यांच्यावरून. जर्सी मिळाली ती शहराच्या ध्वजाची : पांढऱ्यावर लाल क्रूस.

याचं कारण बहुतेक ठिकाणी एका वाक्यात सांगतात : ‘इंटरनात्सिओनाले’ या शब्दाने कम्युनिस्ट इंटरनॅशनलची आठवण व्हायची, म्हणून फॅशिस्टांनी सगळं बदललं. नावापुरतं हे पटतं. पण जर्सीचं काय? इथे तुलना कामाला येते. जेनोआ क्लबचं नाव इंग्रजी वळणाचं, म्हणून १९२८ मध्येच त्याचं ‘जेनोव्हा’ झालं. पण लाल-निळी जर्सी तशीच राहिली. पुढे ‘मिलान’ क्लबलाही ‘मिलानो’ व्हावं लागलं. त्यांचे लाल-काळे पट्टे कायम राहिले. म्हणजे नाव बदललं की जर्सी बदलतेच, असं नाही. इंटरची जर्सी का बदलली, याचं उत्तर विलीनीकरणातही शोधायला हवं. एका क्लबचे काळे-निळे पट्टे, दुसऱ्याचे काळे-पांढरे चौकोन; दोन्ही बाजूला सारून शहराचंच चिन्ह अंगावर चढवलं, असं म्हणायला जागा आहे. याउलट १९४६ मध्ये जेनोआ शहरात दोन क्लब एकत्र येऊन ‘साम्पदोरिया’ झाला, तेव्हा दोघांचेही रंग एकाच जर्सीत आले : निळ्यावर पांढरा-लाल-काळा-पांढरा पट्टा. विलीनीकरण दोन्हीकडे झालं, पण कपड्यावर त्याची खूण वेगवेगळी उमटली.

क्रूसाची जर्सी फार टिकली नाही. १९२९ मध्ये काळे-निळे पट्टे परत आले. नाव मात्र १९४५ पर्यंत पूर्ववत झालं नाही. रंग आणि नाव वेगवेगळ्या वेळी परतले, ही नोंद स्वतंत्रपणे करून ठेवा. ‘फॅशिझमच्या काळात’ असं ढोबळ लिहिलं की नेमका हाच तपशील हरवतो.

आता २००७ कडे या. शताब्दीच्या हंगामासाठी क्लबने तीच कल्पना परत आणली : पांढरी जर्सी, लाल क्रूस. या वेळी सक्ती नव्हती, उत्सव होता. त्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानच्या फेनरबाचेविरुद्ध इंटर या जर्सीत खेळला. तिकडच्या एका वकिलाने तक्रार केली, की हा क्रूस धर्मयुद्धांची आठवण करून देतो. बघा, कापडावरचं चिन्ह तेच. १९२८ मध्ये लादलेली ओळख, २००७ मध्ये मिलानमध्ये शहराचा अभिमान, आणि तुर्कस्तानातल्या त्या प्रेक्षकाला अपमान. यातला ‘खरा’ अर्थ कोणता, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला फारसा उपयोगी नाही. कोणी, कधी, कुठून पाहिलं, हा उपयोगी आहे.

एक तांत्रिक सूचना. १९२० च्या दशकातले सामन्यांचे फोटो कृष्णधवल असतात. त्या काळी वापरात असलेल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग टिपताच यायचा नाही. तो काळपट उतरायचा, आणि निळा फिकट. त्यामुळे मिलानचे लाल-काळे पट्टे कधी कधी सलग काळे भासतात. नुसत्या फोटोवरून रंग ठरवू नका. त्या वेळची वर्णनं आणि जपून ठेवलेल्या जर्सी यांच्याशी ताडून पाहा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा : जर्सीवर काय दिसत नाही? १९२९-३० चं विजेतेपद आम्ब्रोसियानाने जिंकलं. प्रशिक्षक होते आर्पाद वाइस, हंगेरीचे ज्यू. जुझेप्पे मेआत्सा हा पुढे गाजलेला खेळाडू कोवळ्या वयात त्यांनीच पुढे आणला. नंतर त्यांनी बोलोन्या क्लबला दोन विजेतेपदं मिळवून दिली. १९३८ च्या वंशभेदी कायद्यांमुळे त्यांना कुटुंबासह इटली सोडावी लागली. ते आधी पॅरिसला, मग नेदरलँड्समध्ये गेले. तिथे जर्मनांनी त्यांना पकडलं. पत्नी आणि दोन्ही मुलं १९४२ मध्ये आउश्वित्झमध्ये मारली गेली. ३१ जानेवारी १९४४ ला वाइस स्वतःही तिथेच मरण पावले. इटलीत त्यांचं नाव कित्येक दशकं जवळजवळ विसरलं गेलं होतं. मात्तेओ मारानी या पत्रकाराचं त्यांच्यावरचं पुस्तक आलं २००७ मध्ये, म्हणजे क्रूसाची जर्सी सणासारखी परत आली त्याच वर्षी. शोध घेताना आणखी एक अडसर : राजवटीच्या काळात त्यांचं आडनाव इटालियन वळणाने, ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ लावून छापलं जायचं. एकाच वर्णलेखनाने शोधलंत, तर अर्धी कात्रणं हातीच लागणार नाहीत.

तर आता हे करून बघा. तुमच्या विषयातली एक वस्तू निवडा. कागदावर तीन रकाने आखा : ती कोणी ठरवली, कोणी वापरली, पुढे कोणी परत आणली. प्रत्येक रकान्यात वर्ष लिहा आणि ते वर्ष कुठल्या साधनावरून कळलं तेही लिहा. मग खाली चौथी ओळ : या वस्तूच्या आसपास असूनही तिच्यावर ज्याची खूण नाही, असं कोण होतं? ती ओळ कोरी राहिली, तर प्रस्ताव मार्गदर्शकांना दाखवण्याआधी आणखी थोडं वाचा.