कोल्हापुरीं घडलेला कॅमेरा

यंत्र म्हटलें कीं तें विलायतेहूनच यावयाचें, हा समज आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढींत दृढ होता. कोल्हापुरांत मात्र आनंदराव व बाबूराव पेंटर या चुलत बंधूंनीं सिनेमाचा कॅमेरा स्वहस्तें घडविण्याचें मनांत घेतलें. मूळ आडनांव मेस्त्री. व्यवसाय नाटकांचे पडदे रंगविण्याचा. यांत्रिकाचें शिक्षण दोघांसही नव्हतें.

काम सोपें नव्हे. फीत सेकंदास सुमारें १६ वेळां पुढें सरकावी, प्रत्येक वेळीं क्षणमात्र निश्चल राहावी आणि ती निश्चल असतांनाच झडप उघडावी. ओढणारा दांता केसभर चुकला तरी चित्र थरथरतें. सारें कौशल्य या मेळांत आहे. वरची पेटी काय, कोणीही चांगला सुतार करील!

१९१६ सालीं आनंदराव निवर्तले. अर्धवट राहिलेलें काम बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साहाय्यानें १९१८ मध्यें तडीस नेलें. १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पुण्यांत झळकला आणि बाबूरावांचें नांव सर्वतोमुखी झालें. आनंदरावांस तो कॅमेरा चालतांना पाहावयास मिळाला नाहीं. म्हणून या स्मरणिकेंत त्यांचें नांव आम्हीं आधीं लिहिलें आहे.