हाताची घडी, तोंडावर बोट

ही आज्ञा आपण सगळ्यांनीच लहानपणी ऐकली आहे. शिकायचं तर हलायचं नाही, असं आपण धरूनच चालतो. प्लेटोनं मात्र उतारवयात लिहिलेल्या ‘लॉज’ या संवादात नेमकं उलट म्हटलं आहे. कुठलंही पिल्लू स्वस्थ बसू शकत नाही. उड्या मारणं, ओरडणं हा त्याचा स्वभावच. माणसाच्या पिल्लाला तेवढी त्या हालचालीतली लय जाणवते. ती लय घडवणं हाच शिक्षणाचा आरंभ. म्हणून समूहनृत्य न शिकलेला माणूस त्याच्या लेखी अशिक्षितच!

आता आपल्याकडे येऊ. १९१९ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी सिल्हेटला मणिपुरी नृत्य पाहिलं आणि शांतिनिकेतनातल्या मुलांसाठी त्रिपुरेहून नृत्यशिक्षक बोलावून घेतला. त्या काळी भद्र घरांत नाचाला प्रतिष्ठा नव्हती, हे ध्यानात घेतलं म्हणजे यातलं धाडस कळतं.

आणि आपण? आपण नाच गॅदरिंगपुरता ठेवला. एरवी चुळबुळ करणाऱ्या मुलाला शिक्षा. शिस्त हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण फेर धरलेलं मूल शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवतं, आपली पाळी येईपर्यंत थांबतं, चुकलं तर पुढच्या समेला पुन्हा सामील होतं. तिथं कुणाला ओरडावं लागत नाही. घडी घातलेल्या हातांची शिस्त मात्र मास्तर वर्गाबाहेर गेले की संपते.