दातांच्या मापाचा प्रवास

काही दात पडलेल्या जबड्यासाठी काढघाल करता येणारी कवळी करायची, तर आधी त्याचे हुबेहूब माप हवे. बर्लिनच्या फिलिप फाफने १७५६ मध्ये मेणात ठसा घेऊन त्यात प्लास्टर ओतण्याची रीत लिहून ठेवली. पुढे, १८५० च्या दशकात, लंडनच्या चार्ल्स स्टेंटने ऊन पाण्यात मऊ होणारे कंपाउंड आणले. पण उरलेल्या दातांच्या खोबणीतून निघताना तेही वाकडे होई. खरी अडचण तीच. अगार या लवचिक पदार्थाने ती सुटली. दुसऱ्या महायुद्धात जपानी अगार मिळेना, तेव्हा समुद्री शेवाळापासून केलेले अल्जिनेट पुढे आले आणि टिकले.

बीडीएसचा (दंतवैद्यक पदवीचा) विद्यार्थी आजही रबरी वाडग्यात अल्जिनेटची पावडर आणि पाणी घोटून ट्रे भरतो. उन्हाळ्यात पाणी गार घ्यावे, नाहीतर मिश्रण तोंडात जाण्याआधीच आळते. ठसा उघडा राहिला की वाळून आकसतो. म्हणून त्यात लगेच डेंटल स्टोन हे कठीण प्लास्टर ओतायचे. घाई क्वचितच गुण ठरते, इथे ठरते. ठशात हवेचा बुडबुडा राहिला, तर स्टोनच्या दातावर गाठ उठते आणि त्यावर घडवलेला क्लॅस्प, म्हणजे कवळीला दातावर धरून ठेवणारा आकडा, तोंडात नीट बसत नाही.