कमी ऐकू येणे : फक्त वयाचा नव्हे, तब्येतीचाही इशारा

घरातल्या बुजुर्गांना कमी ऐकू येऊ लागले की आपल्याकडे एकच वाक्य ऐकायला मिळते : "आता वय झालं." मग टीव्हीचा आवाज वाढतो, घरातले ओरडून बोलू लागतात आणि विषय तिथेच संपतो. डोळ्यांना कमी दिसू लागले तर आपण लगेच नंबर काढायला जातो, मोतीबिंदूचे ऑपरेशनही करून घेतो. कानाच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षे थांबतो. पण कान हा बऱ्याचदा शरीरात दुसरीकडे चाललेल्या बिघाडाची आधी खबर देणारा अवयव असतो. ही खबर कशी ओळखायची आणि पुढे काय करायचे, याची माहिती आम्ही इथे देत आहोत.

प्रश्न किती मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये श्रवणशक्तीवर अहवाल काढला. त्यानुसार जगात दीड अब्जाहून अधिक लोकांना कमी-जास्त प्रमाणात ऐकू कमी येते. त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचाराची किंवा यंत्राची गरज आहे. साठी ओलांडलेल्यांमध्ये चारातल्या एकाहून अधिक जणांना ही गरज भासते. दरवर्षी ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन म्हणून पाळला जातो.

कान आतून कसा चालतो?

कानाच्या पडद्यामागे तीन छोटी हाडे असतात आणि त्यांच्या आत शंखाच्या आकाराचा भाग असतो. या शंखात सुमारे १५ हजार नाजूक केसपेशी असतात. त्या जन्मापासून मिळतात. एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. या भागाला रक्त मिळते ते एका बारीक धमनीतून. तिथे अडथळा आला तर रक्ताला दुसरा रस्ता नाही. म्हणून वाढलेली शुगर, बीपी किंवा तंबाखू-सिगारेट यांनी बारीक रक्तवाहिन्या खराब होऊ लागल्या की त्याचा फटका कानालाही बसतो.

वय, गोंगाट किंवा अशा आजारांमुळे ऐकू कमी होते तेव्हा साधारणपणे आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, च, फ यांसारखे वर्ण पुसट होतात. म्हणूनच अब्बांना लाऊडस्पीकरवरची अजान ऐकू येते, पण खुतब्यातले शब्द नीट कळत नाहीत. "आवाज येतो, पण काय म्हणतात ते समजत नाही" ही तक्रार म्हणजे बहाणा नव्हे, तो आजाराचाच भाग आहे.

कोणत्या आजारांशी नाते आहे?

मधुमेह : अमेरिकेत ५,१४० प्रौढांच्या तपासणीवर आधारलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्यांमध्ये कमी ऐकू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले.

तोल जाणे : आतल्या कानातच तोल सांभाळणारी यंत्रणाही असते. २०१२ च्या एका अमेरिकन अभ्यासात सौम्य बहिरेपणा असलेल्यांमध्ये पडण्याचा संभव जवळपास तिप्पट दिसला. म्हातारपणी मोडलेले खुब्याचे हाड माणसाला अंथरुणाला खिळवते, हे आपण सगळेच जाणतो.

विसराळूपणा : जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६३९ जणांवर अनेक वर्षे लक्ष ठेवून २०११ मध्ये निष्कर्ष मांडले. सौम्य बहिरेपणात स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट, मध्यम असेल तर तिप्पट आणि तीव्र असेल तर पाचपट दिसला. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत ऐकू कमी येणे हे एक प्रमुख कारण आहे.

इथे एक गोष्ट साफ समजून घ्यावी. कमी ऐकू येते म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच, असे नाही. २०२३ मध्ये ९७७ वृद्धांवरील तीन वर्षांच्या प्रयोगाचे निकाल आले. श्रवणयंत्राने सगळ्यांच्या बुद्धीत सरसकट फरक पडला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात बुद्धीची घसरण जवळपास निम्म्याने मंदावली. म्हणजे यंत्र हा जादूचा उपाय नाही, पण टाळत राहावे अशी गोष्टही नाही.

गोंगाट आणि औषधे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथे हजारो घरे यंत्रमागावर चालतात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास राहणे कानाला घातक मानतात आणि मागाच्या शेडमधला आवाज याहून जास्त असतो. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. कानात कापूस घालून भागत नाही. इअरप्लग किंवा इअरमफ वापरावेत.

टीबीसाठी दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने आणि कॅन्सरवरचे सिस्प्लॅटिन यांनीही कानाला इजा होऊ शकते. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. अशा वेळी औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना लगेच सांगावे.

घरच्यांनी काय पाहावे?

- पुन्हा पुन्हा "काय?" विचारणे, "सात"चे "साठ" ऐकणे
- लग्नाच्या गर्दीत किंवा चारचौघांत गप्प बसणे
- फोनवर बोलणे टाळणे
- कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण
- चालताना तोल जाणे

यांपैकी काही दिसले तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो आणि पाच मिनिटांत काम होते. गरम तेल, काडी, हेअरपिन कानात घालू नये. मळ नसेल तर ऑडिओमेट्री ही तपासणी करतात. ती दुखत नाही. त्याच फेरीत शुगर, बीपी, मूत्रपिंड आणि थायरॉइडची तपासणीही डॉक्टरांना विचारून करून घ्यावी. इशारा कानाने दिला असला तरी कारण दुसरीकडे असू शकते.

एका कानाने अचानक, तीन दिवसांच्या आत ऐकू येईनासे झाले तर ती इमर्जन्सी समजावी. उपचार जितक्या लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त. सोबत तोंड वाकडे होणे किंवा जीभ अडखळणे असेल तर तो लकवा असू शकतो. एक मिनिटही न दवडता मोठ्या दवाखान्यात न्यावे.

मदत कुठे मिळेल?

मुंबईत वांद्रे इथे १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे माजी कुलगुरू नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिले आहे. इथे तपासणी आणि श्रवणयंत्राची सोय आहे. २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्र मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांचा दोष ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर दिव्यांग म्हणून नोंद होऊ शकते. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही कर्कश वाटतो, म्हणून बरेच जण ते कपाटात ठेवून देतात. रोज थोडा थोडा वेळ वाढवत न्यावा. वजू करताना यंत्र काढून ठेवावे, कान पुसून कोरडा झाल्यावर पुन्हा लावावे.

वर्गात कमी ऐकणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक पुढे बसवतो, त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोलतो. हेच घरात दादी-नानीसाठी करता येते. ओरडायची गरज नसते; समोर बसावे, टीव्ही बंद करावा, एका वेळी एकाने बोलावे. जेवायला सगळे एकत्र बसलेले असताना जो माणूस गप्प आहे, त्याला राग आलाय की ऐकू येत नाहीये, हे आज एकदा विचारून पाहा. आणि ऐकू येत नसेल, तर याच आठवड्यात त्यांना तपासणीला घेऊन जा.